लहान गावात भाड्याचं घर शोधताना: पाणी, ओल, मीटर आणि करार

लहान गावात भाड्याची घरं कमी असतात, आणि आहेत त्यांतली बरीचशी जाहिरातीत येतच नाहीत. घर रिकामं असतं, मालकाला भाडं हवंही असतं, पण तो पाटी लावत नाही. ओळखीतून कोणी येईल म्हणून वाट बघतो. मोठ्या शहरातून आलेला माणूस मोबाइलवर शोधतो, दोन-तीन जाहिराती सापडतात, त्यांतली बरी दिसेल ती तो पक्की करतो. महिन्याभरात त्याला कळतं की मागच्याच गल्लीत याहून चांगलं घर कुलूपबंद होतं. म्हणून पहिला सल्ला असा, की गावात पोहोचण्याआधी घर ठरवू नका. आधी राहण्याची तात्पुरती सोय करा. पंधरा दिवस पुरतात, महिना मिळाला तर उत्तम. लॉज, कामाच्या ठिकाणची खोली, एखाद्या घरातली महिन्याच्या बोलीवरची खोली, काहीही चालेल. हे पैसे वाया जात नाहीत. चुकीच्या घरात अकरा महिने अडकण्यापेक्षा ते स्वस्तच पडतात.

न पाहिलेल्या घरासाठी आगाऊ रक्कम पाठवू नका. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, थोडे पैसे टाकून घर अडवून ठेवा’ असं फोनवर कोणी म्हणालं तरीही नाही. फसवणुकीचा आणखी एक प्रकार म्हणजे ‘हा कोड स्कॅन करा, पडताळणीसाठी पैसे तुमच्याच खात्यात जमा होतील’. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार हे नक्की.

आधी हिशेब

भाड्याचा आकडा एकटा बघून उपयोग नाही. वीज, पाणी, कचरा आणि देखभालीची वर्गणी, रोजचं जाणं-येणं हे सगळं त्यात मिळवा. घर कामापासून सहा किलोमीटरवर असेल तर रोजचे बारा आणि महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांचे तीनशे किलोमीटर होतात. तेवढ्या इंधनाचा खर्च भाड्यात मिळवला की लांबचं ‘स्वस्त’ घर बहुतेक वेळा जवळच्या घराएवढंच पडतं. शिवाय लहान गावात शेवटची बस लवकर सुटते आणि रात्री रिक्षा मिळेलच असं नसतं.

सुरुवातीचा एकरकमी खर्चही धरा. इथली घरं बहुधा रिकामी मिळतात. पंखे, दिवे, गिझर, पडद्याचे रॉड, पाण्याचा फिल्टर, कधी कधी स्वयंपाकघरातली फळीसुद्धा मागचा भाडेकरू काढून नेतो. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं दिल्यावर या सामानाला पैसे उरले पाहिजेत.

घर माहीत असणारी माणसं

गावात कुठलं घर कधी रिकामं होणार हे ज्यांना कामामुळे कळतं, त्यांना विचारायचं. दूध आणि पेपर टाकणारे, सिलिंडर पोहोचवणारे, पोस्टमन, किराणा दुकानदार, इस्त्रीवाले. यांच्याहूनही उपयोगी माणसं म्हणजे रंगारी, प्लंबर आणि वायरमन. घर भाड्याने द्यायचं ठरलं की मालक आधी यांनाच बोलावतो, त्यामुळे त्यांना दहा-पंधरा दिवस आधी खबर असते. आणि त्या घरात काय गळतं, काय जळालं होतं, हेही त्यांनाच माहीत असतं.

विचारताना ‘रूम आहे का कुठे?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘बघतो’ एवढंच मिळतं. चार ओळींची चिठ्ठी लिहून द्या: किती माणसं राहणार, काम कुठे, किती खोल्या हव्यात, कोणता भाग, भाडं कुठपासून कुठपर्यंत, गाडी आहे का, कधीपासून हवं, फोन नंबर. चिठ्ठी दुकानात राहते, हातोहात फिरते. तीन-चार दिवसांनी पुन्हा जाऊन विचारा. दुसऱ्यांदा गेलं की माणूस खरंच गरजू आहे हे समोरच्याला पटतं आणि तो मनावर घेतो.

स्वतःही पायी फिरा, शक्यतो दिवेलागणीनंतर तासाभरात. आजूबाजूला सगळीकडे दिवे लागले आणि एखादं घर काळोखात आहे, दारात पालापाचोळा साचलाय, वीजबिल फटीत अडकून पिवळं पडलंय, कुलपावर गंज आहे, तर ते घर बंद आहे. शेजारी विचारलं की मालक कोण, कुठे असतो, याआधी कोण राहत होतं, सगळं कळतं. मालक बाहेरगावी असेल तर किल्ली कोणाकडे असते तेही विचारा. अशा घरांपैकी काही वारसांच्या वादात असतात, काही मालकाला द्यायचीच नसतात. तरी दहा दारांमागे एखाददुसरं घर निघतंच.

दलाल असेल तर घर दाखवण्याआधीच त्याचं कमिशन, ते कधी द्यायचं आणि करार मोडला तर त्याचं काय, हे बोलून घ्या आणि मेसेजवर लिहून ठेवा. एकच घर दोन दलालांकडून पाहू नका. नंतर दोघेही कमिशन मागतात.

शाळेचं वर्ष संपतं आणि बदल्यांचे आदेश निघतात तेव्हा जास्त घरं रिकामी होतात. मागणीही तेव्हाच वाढते. त्या काळात येणार असाल तर चिठ्ठ्या महिनाभर आधी पोहोचल्या पाहिजेत.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इथे मालक भाड्यापेक्षा माणूस निवडतो. दोन घरमालकांना एकाच वेळी ‘नक्की घेतो’ सांगितलं तर संध्याकाळपर्यंत दोघांनाही कळतं, आणि मग तिसराही दार उघडत नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा, दिवस सांगा, आणि नकार द्यायचा असला तरी त्या दिवशी फोन करा.

बघायला जाण्याआधी फोनवर

घर किती दिवस रिकामं आहे आणि आधीचे लोक का गेले? पाणी कुठलं, किती दिवसांनी येतं? वीजमीटर स्वतंत्र आहे का? वर-खाली कोण राहतं? मालक त्याच इमारतीत राहतो का? भाडं, डिपॉझिट आणि त्याशिवाय महिन्याला काय द्यावं लागतं? एवढं विचारलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात. आधीच्या भाडेकरूचा नंबर मिळाला तर त्याला फोन कराच. गेलेल्या माणसाला काही लपवायचं कारण नसतं.

घर दोनदा बघा, एकदा दुपारी तीनच्या सुमारास आणि एकदा रात्री. बरोबर मोजपट्टी, बॅटरी, मोबाइलचा चार्जर आणि पंधरा लिटरची बादली असू द्या. बादली घेऊन घर बघायला जाणं विचित्र वाटेल, पण लहान गावात घराचा निकाल पाण्यावरच लागतो.

पाणी

आधी स्रोत समजून घ्या. सार्वजनिक नळ, बोअर, विहीर, टँकर, की यांतले दोन. ‘पाण्याचा काही त्रास नाही’ या उत्तराला अर्थ नाही. किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, उन्हाळ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत काय होतं, असे चार वेगळे प्रश्न विचारा. आणि हेच प्रश्न शेजारच्या घरातही विचारा.

मग साठा मोजा. अंघोळ, कपडे, भांडी, संडास धरून माणशी दिवसाला शंभर ते सव्वाशे लिटर पाणी लागतं. चौघांच्या कुटुंबाला ४०० ते ५०० लिटर. पाणी एक दिवसाआड येत असेल तर किमान १००० लिटरचा साठा हवा, आणि एखादी पाळी चुकली तरी निभावं म्हणून १५०० असलेला बरा. चौकोनी टाकीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि त्याला १००० ने गुणा, म्हणजे लिटर मिळतात. गोल टाकीसाठी व्यासाच्या निम्म्याचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले उंची, आणि त्यालाही १००० ने गुणा. १.१ मीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची टाकी साधारण १००० लिटरची असते. बाहेर पडणारा पाइप तळापासून थोडा वर असतो आणि टाकी काठोकाठ भरत नाही, म्हणून हिशेबातून दहा टक्के वजा करा. टाकीवर तीन कुटुंबं असतील तर तीनने भागा. ही भागाकाराची पायरी विसरली जाते आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

मोटर कोणाची, कोण चालू करतं, तिचं बिल कोणाच्या मीटरवर? पाणी पहाटे चार वाजता येत असेल आणि मोटर चालू करायचं काम तळमजल्यावरच्या भाडेकरूकडे असेल, तर तळमजला घेताना ते काम तुमच्याकडे येणार हे समजून घ्या.

आता बादली. सगळ्यात लांबच्या नळाखाली ठेवून वेळ लावा. पंधरा लिटर दोन मिनिटांत भरली तर धार चांगली. पाच मिनिटं लागली तर अंघोळीच्या वेळी दुसरा नळ उघडला की धार तुटणार. मग न्हाणीघर आणि स्वयंपाकघर दोन्हीकडचे नळ एकदम सोडून बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावर धार बारीक असते, कारण गच्चीवरची टाकी नळाच्या फक्त दीड-दोन मीटर वर असते आणि पाण्याचा दाब त्या उभ्या उंचीवरच अवलंबून असतो. अशा घरात पाणी वाहत असतानाच तापवणारा छोटा गिझर नीट चालत नाही. पाणी साठवून तापवणारा घ्यावा लागतो.

नळाच्या तोंडावर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर असेल तर पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल लवकर जाते. तपकिरी डाग म्हणजे लोह. सडक्या अंड्यासारखा वास बोअरच्या पाण्याला येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. खिशातल्या टीडीएस मीटरवर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा आकडा पिण्याच्या दृष्टीने ठीक मानतात. पण तो आकडा फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. विहीर किंवा बोअर शौचाच्या टाकीपासून किमान पंधरा मीटर लांब असावी. जमीन खडकाळ आणि फटींची असेल तर त्याहून बरीच लांब. अंतर कमी असेल तर ते पाणी तपासून घेतल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय पिऊ नका.

सांडपाणी कुठे जातं हेही बघा. संडासात एक पूर्ण बादली एकदम ओता. पाणी वर चढून सावकाश उतरलं तर पाइप तुंबलाय किंवा टाकी भरलीय. शौचाची टाकी शेवटची कधी उपसली आणि पुढचा खर्च कोणाचा, ते विचारा. साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, म्हणजे तुमच्या मुक्कामात ती वेळ येऊ शकते.

ओल आणि भेगा

ताजा रंग बघून खूश होऊ नका. सगळ्या खोल्यांना जुना रंग आणि एकाच भिंतीला नवा, किंवा फक्त खालच्या मीटरभर पट्ट्याला नवा, हे ओल झाकल्याचं लक्षण आहे. कपाटांच्या मागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आणि वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखालच्या छतावर बॅटरी तिरकी धरून बघा. तिरक्या उजेडात पोपडे आणि फुगवटे दिसतात. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. भिंतीवरची पांढरी भुकटी म्हणजे विटांतले क्षार. पाणी येऊन वाळलं की ते मागे राहतात.

ओल कुठून येते यावर ती जाईल का हे ठरतं. जमिनीतून वर चढणारी ओल बहुधा मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि भिंतीच्या पूर्ण लांबीवर सलग पट्टा दिसतो. रंगाने ती थांबत नाही, काही महिन्यांत पुन्हा फुटते. पाइप गळत असेल तर एकाच जागी डाग असतो आणि तो बाराही महिने ओलसर राहतो. हे दुरुस्त होतं, फक्त राहायला जाण्याआधी करून घ्या. पावसाची ओल वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला आणि स्लॅबला येते. उन्हाळ्यात घर बघत असाल तर छतावरची तपकिरी वर्तुळं हाच तिचा पुरावा. शंका असेल आणि मालकाची हरकत नसेल तर फूटभर बाय फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि एका दिवसाने बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली हवा दमट आहे आणि वारा खेळवला की भागेल.

गिलाव्यातल्या केसासारख्या भेगा जवळजवळ प्रत्येक घरात असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, नाण्याची कड आत जाईल एवढी रुंद आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग मात्र गंभीर आहे. स्लॅबमधून गंजाच्या रेघा उतरल्या असतील, सळई उघडी पडली असेल, तर भाडं कितीही कमी असो, ते घर सोडा.

बाहेर पडल्यावर रस्त्याकडे एक नजर टाका. डांबराचे थर चढत चढत रस्ता उंच झालेला असतो आणि जुनं घर खाली राहतं. उंबरा रस्त्याच्या खाली असेल तर पावसाचं पाणी दारात येणार. कंपाउंडच्या भिंतीवर आडवी मातकट रेघ आणि फाटकाचा फक्त खालचा भाग गंजलेला, ही पाणी भरल्याची खूण आहे.

वीज

मीटरजवळ उभं राहून घरातली सगळी बटणं बंद करा. मीटरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला तर या मीटरवर दुसरंच काही चालतंय: जिन्यातला दिवा, पंप, नाहीतर शेजारची खोली. मीटर बरोबर फिरतोय का हेही तपासता येतं. त्यावर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं. समजा तो आकडा ३२०० आहे. १००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड बादलीतल्या पाण्यात बुडवून लावला, बाकी सगळं बंद ठेवलं, तर तासाला एक युनिट जळतं, म्हणजे मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. पाच-सहाचा फरक समजण्यासारखा, सत्तर-ऐंशी झाले तर काहीतरी बिघडलंय.

सबमीटर असेल तर मालक युनिटला काय दर लावणार ते आधी ठरवा. वापर वाढला की दर वाढतो अशी आकारणी असलेल्या ठिकाणी अख्ख्या इमारतीचा एकच मीटर असला तर सगळ्यांची युनिटं एकत्र मोजली जातात आणि तुमचा थोडा वापरही वरच्या दरात जातो. स्वतंत्र मीटरच्या घरासाठी थोडं जास्त भाडं देणं परवडतं. मागच्या भाडेकरूची थकबाकी नाही ना, हे ताजं बिल बघून खात्री करा. थकबाकी जोडणीवर असते, कनेक्शन तुटलं की अंधारात तुम्ही बसता.

प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून बघा. गिझर आणि इस्त्रीसाठी जाड पिनांचं सॉकेट आहे का? २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. तो साध्या बारीक सॉकेटवर लावला की प्लग वितळतो. बोर्डाजवळ काळपट डाग म्हणजे असं आधी झालेलं आहे. मुख्य बोर्डावर गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच असेल तर त्याचं चाचणीचं बटण दाबा, वीज लगेच गेली पाहिजे. असा स्विच नसेल आणि अर्थिंगबद्दल कोणी खात्रीने सांगत नसेल, तर राहायला येण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या न्हाणीघरात अर्थिंग नसलेला गिझर जीव घेऊ शकतो.

ऊन, आवाज, नेटवर्क

दुपारी तीनला पश्चिमेच्या भिंतीला आणि छताला हात लावा. वर थेट गच्ची असेल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडतो. झोपायची खोली तिथेच असेल तर उन्हाळ्यात पंखा गरम हवाच फिरवेल. समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन भिंतींना खिडक्या असल्या तरच वारा खेळतो, एकाच खिडकीतून तो आत शिरत नाही.

रात्रीची भेट आवाजासाठी आणि रस्त्यासाठी. जवळ गिरणी, वर्कशॉप, समारंभाचा हॉल, ट्रक उभे राहण्याची जागा आहे का? गल्लीत दिवे आहेत का, कुत्री किती आहेत, शेवटच्या शंभर मीटरमधून एकट्या माणसाला रात्री निर्धास्त येता येईल का? प्रत्येक खोलीत स्वतःच्या सिमवरून फोन लावून बघा. जाड भिंतींच्या जुन्या घरात दारात चार कांड्या आणि आत शून्य असं होतं. घरून काम करणार असाल तर शेजाऱ्यांकडे कोणाच्या इंटरनेटची तार आलेली आहे ते बघा. तार गल्लीत नसेल तर ‘लगेच जोडून मिळेल’ यावर विसंबू नका.

मालक खरा आहे का

घर दाखवणारा आणि घराचा मालक एकच असेल असं नाही. घरपट्टीची पावती, ताजं वीजबिल आणि मालकाचं ओळखपत्र, तिन्हींवरची नावं जुळतात का बघा. नाव वडिलांचं असेल आणि ते हयात नसतील तर इतर वारसांची लेखी संमती मागा. ती नसेल तर एक भाऊ भाडं घेतो आणि दुसरा कुलूप लावायला येतो. मालक बाहेरगावी असेल तर दोन गोष्टी ठरवा: करारावर सह्या करण्याचा अधिकार कोणाला लेखी दिलाय, आणि नळ फुटला तर गावात कोणाला फोन करायचा. पैसे मालकाच्या बँक खात्यातच पाठवा. रोख दिलेच तर पावती त्याच वेळी घ्या.

बोलणी

लहान गावात भाड्याच्या आकड्यावर फार ताणण्यात हशील नाही. दुरुस्ती मागा, ती जास्त फायद्याची ठरते. ‘भाडं तुम्ही म्हणता तेच, पण न्हाणीघराचा पाइप बदला, गिझरचं सॉकेट बसवा आणि टाकी धुऊन द्या’ असं म्हटलं की मालकाचा मान राहतो आणि तुमची रोजची अडचण जाते. किती दिवसांत करणार ते लिहून घ्या. दोन वर्षं राहायचा विचार असेल तर तो सांगा, दरवर्षी नवा माणूस शोधणं मालकालाही नको असतं. काम चालू असेपर्यंत भाडं सुरू होणार नाही, हेही याच वेळी बोला. सामान आल्यावर कामाची गती मंदावते.

पाहुणे, फाटक बंद होण्याची वेळ, पाळीव प्राणी, गच्चीचा वापर, याबद्दलच्या अटी स्वतःहून विचारा. मालक वरच्या मजल्यावर राहत असेल तर त्या अटी रोज समोर येणार. पटत नसेल तर आत्ताच नाही म्हणा.

घर अडवण्यासाठी टोकन द्यायचं तर लहान रक्कम द्या आणि मेसेजमध्ये लिहा की कागदपत्रं जुळली नाहीत किंवा ठरलेली दुरुस्ती झाली नाही तर ती परत मिळेल.

करार

तयार छापील मसुद्यावर डोळे मिटून सही करू नका. घराचं वर्णन नेमकं हवं: कोणता मजला, किती खोल्या, गाडीची जागा, गच्ची आणि माळा वापरात आहे की नाही, टाकीतला वाटा. भाडं, ते कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं, वाढ किती आणि केव्हापासून. वीजमीटरचं सुरुवातीचं रीडिंग. घर बघायला किंवा दुरुस्तीला यायचं असेल तर मालकाने किमान एक दिवस आधी कळवावं, हेही लिहा.

डिपॉझिटबद्दल तीन गोष्टी हव्यात: रक्कम, कशाकशाचे पैसे कापले जातील, आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत. ‘सोडताना रंगाचा खर्च भाडेकरूचा’ हे कलम बऱ्याच मसुद्यांत असतं. दोन वर्षांत रंग मळणं ही नेहमीची झीज आहे. ते कलम काढून ‘नेहमीची झीज सोडून झालेलं नुकसान’ असे शब्द घाला. लहान दुरुस्ती भाडेकरूची, मोठी मालकाची, असं मोघम न ठेवता रकमेची मर्यादा लिहा. छत, भिंतीतले पाइप, मुख्य वायरिंग, मोटर आणि शौचाची टाकी मालकाकडेच असायला हवी.

लॉक-इन आणि नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक-इन म्हणजे तेवढे महिने घर सोडता येत नाही, सोडलं तर उरलेलं भाडं द्यावं लागतं. नोटीस म्हणजे सोडण्याआधी किती दिवस कळवायचं. नवीन गावात लॉक-इन शक्यतो नको, द्यावंच लागलं तर तीन महिन्यांच्या वर नको. आणि नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी. नोंदणी आणि मुद्रांकाचे नियम त्या त्या राज्याचे असतात. निबंधक कार्यालयात विचारून नोंदणी करून घ्या आणि खर्च कोणाचा ते आधी ठरवा. बँक, गॅस, मुलांची शाळा, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो, तोंडी बोलीवर घर घेतलं की तिथे अडतं.

एकच घर मिळालं तर

कधी कधी पंधरा दिवसांत एकच घर समोर येतं आणि तेही मनासारखं नसतं. जुना ओटा, मळका रंग, लहान खोल्या, थोडं लांबचं अंतर यांच्याशी जमवून घेता येतं. उन्हाळ्यात कोरडी पडणारी विहीर, पाणी भरणारा रस्ता, सळई दिसणारा स्लॅब, मालकीचा वाद, हे तुमच्या हातात नाही. अशा वेळी लॉजवर अजून पंधरा दिवस काढा.

ताबा घेताना

सामान आत येण्याआधी, रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीत घड्याळाच्या दिशेने फिरा: चार कोपरे, छत, जमीन, खिडकीच्या काचा, नळ, सिंकच्या खालची बाजू. असलेले डाग आणि भेगा जवळून घ्या. मीटरचं रीडिंग स्पष्ट दिसू द्या. पंखे, दिवे, किल्ल्या किती मिळाल्या याची यादी करून त्याच दिवशी मालकाला मेसेजवर पाठवा. घर सोडताना ‘हा डाग तुम्ही पाडलात’ या वादावर तारखेसह पाठवलेला हा मेसेज तुमच्या कामी येतो.

मालकाला सांगून मुख्य दाराचं कुलूप किंवा त्याचा सिलिंडर बदला. आधीच्या भाडेकरूकडे आणि त्याच्या कामवाल्यांकडे जुन्या किल्ल्या राहिलेल्या असू शकतात. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, आणि व्हॉल्व्ह एकदा फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह नेमक्या गळतीच्या वेळी अडकतो. टाकी धुतल्यावर पहिलं भरलेलं पाणी पिऊ नका, ते सोडून द्या आणि पाइप निवळू द्या.

पहिल्या पंधरा दिवसांत जे बिघाड दिसतील ते तोंडी न सांगता लिहून कळवा, फोटोसह. त्या मुदतीतली तक्रार आधीपासूनचा दोष म्हणून मालक मान्य करतो, तीन महिन्यांनी केलेली तीच तक्रार तुमच्या वापरावर जाते. महिना पूर्ण झाला की मीटरचं रीडिंग स्वतः घेऊन बिलाशी ताडून बघा.